शिकवणाऱ्यांच्या शिक्षिका वेल्दी फिशर

१९५२ साली वेल्दी हॉन्सिंगर फिशर पुन्हा भारतात आल्या तेव्हा त्यांच्या वयाची बहात्तर वर्षे पूर्ण झाली होती. पतीच्या निधनाला चौदा वर्षे उलटली होती आणि मूलबाळ नव्हते. त्या वयात माणसे आयुष्याची आवराआवर करू लागतात. फिशरबाईंनी मात्र अलाहाबादजवळ, यमुनेच्या काठी वसलेल्या कृषी संस्थेत मुक्काम टाकला आणि खेड्यांत अक्षरओळख पोहोचवण्याचे काम आरंभिले. वर्षभरात, १९५३ मध्ये, त्यांनी तेथे ‘लिटरसी हाउस’ ही संस्था स्थापन केली. ‘साक्षरता निकेतन’ या नावाने ती पुढे उत्तर भारतात सर्वपरिचित झाली.

स्वतंत्र भारताची पहिली जनगणना नुकतीच झाली होती. १९५१ च्या त्या गणनेनुसार देशात शंभरातील सुमारे अठरा जणांना लिहिता-वाचता येत होते, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात नऊच्या आसपास होते. प्रौढ मताधिकार मात्र सर्वांना मिळाला होता. त्याच काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. बहुसंख्य मतदारांना उमेदवाराचे नाव वाचता येत नसल्याने मतपेट्यांवर चिन्हे लावावी लागली होती. निरक्षरतेची ही व्याप्ती सरकारला ठाऊक होती, पुढाऱ्यांना ठाऊक होती, आणि तिच्यावर भाषणेही पुष्कळ होत होती. फिशरबाईंनी या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिले. रात्री कंदिलाच्या उजेडात त्या निरक्षरांसमोर बसणार कोण, आणि त्या माणसाला शिकवायचे कसे हे कोण सांगणार, हा त्यांच्या लेखी मूळ प्रश्न होता. पुढची वीस वर्षे त्यांनी त्याच प्रश्नाला दिली.

त्यांचा जन्म १८ सप्टेंबर १८७९ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, रोम नावाच्या लहानशा गावी झाला. सिराक्यूज विद्यापीठातून १९०० साली त्या पदवीधर झाल्या. त्यांना आवाजाची देणगी होती आणि ऑपेरा गायिका होण्याची त्यांची आकांक्षा होती. उदरनिर्वाहासाठी त्यांनी एका खोलीच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. न्यूयॉर्क शहरात धर्मप्रसारकांच्या कार्यावरील एक व्याख्यान ऐकून त्यांचा बेत पालटला आणि १९०६ मध्ये त्या मेथडिस्ट मिशनच्या वतीने चीनमधील नानचांग येथील मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून रवाना झाल्या. मुलींचे पाय बांधून लहान ठेवण्याची रूढी तेव्हा तेथे पुरती संपली नव्हती आणि मुलीला शिकवायचे कशाला, असे विचारणारेच बहुसंख्य होते. शाळेची इमारत आगीत भस्मसात झाली. त्यांनी निधी जमवून ती पुन्हा उभी केली. जवळजवळ एक तप त्या तेथे राहिल्या. ज्या समाजात आपण परके आहोत तेथे शिक्षणाचे काम करायचे तर आधी तेथल्या माणसांचा विश्वास मिळवावा लागतो आणि काम अखेर त्यांच्याच हाती सोपवावे लागते, हा त्यांचा पुढील आयुष्याचा पाठ नानचांगचाच म्हणावा लागेल.

पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये स्त्रियांसाठी सेवाकार्य, त्यानंतर मासिकाचे संपादन आणि व्याख्यानांचे दौरे असा काही काळ गेला. १९२४ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी फ्रेडरिक बोन फिशर यांच्याशी विवाह केला. फ्रेडरिक हे भारत व ब्रह्मदेशासाठी नेमलेले मेथडिस्ट बिशप असून त्यांचे ठाणे कलकत्त्यास होते. गांधीजी आणि रवींद्रनाथ ठाकूर या दोघांशीही फिशर दांपत्याचा स्नेह जडला. परक्या राज्यकर्त्यांच्या अमलाखालील देशात आलेल्या गोऱ्या पाद्र्याला असा स्नेह त्या काळी सोयीचा नव्हता. भारतीय चर्चचे नेतृत्व भारतीयांकडे जावे या मताचे फ्रेडरिक १९३० मध्ये पदावरून दूर झाले आणि त्या पंथाचे पहिले भारतीय बिशप म्हणून जशवंत राव चितंबर यांची निवड झाली. अमेरिकेत परतल्यावर फ्रेडरिक यांनी गांधीजींवर पुस्तक लिहिले. ते १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ब्रिटिश सरकारने त्यावर भारतात बंदी घातली. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

वैधव्यानंतरची वर्षे वेल्दी फिशर यांनी प्रवासात घालवली. लॅटिन अमेरिकेतील आणि मध्यपूर्वेतील देशांत सामान्य माणसांचे शिक्षण कसे चालते हे त्या पाहत होत्या. १९४७ च्या डिसेंबरात त्या दिल्लीत गांधीजींना भेटल्या. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या आणि गांधीजींच्या आयुष्याचे अवघे काही आठवडे उरले होते. भारताला साहाय्य करायचे असेल तर पुन्हा या आणि शहरात न राहता खेड्यांत काम करा, असे त्यांनी फिशरबाईंना सुचविले. ही भेट त्यांनी पुढे अनेकदा सांगितली आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेतही तिला स्थान दिले. त्यांच्या परतण्याचे श्रेय केवळ त्या एका भेटीला देणे मात्र सोपेपणाचे होईल. १९५१ मध्ये त्यांनी अमेरिकेत साक्षरताकार्यासाठी एक संस्था उभी केली होती. ‘वर्ल्ड एज्युकेशन’ या नावाने ती आजही काम करते. म्हणजे भारतात पाऊल ठेवण्यापूर्वीच कामाची आर्थिक बाजू त्यांनी पाहून ठेवली होती.

अलाहाबादच्या कृषी संस्थेला सॅम हिगिनबॉटम यांच्या वेळेपासून खेड्यांशी संबंध ठेवण्याची परंपरा होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. ग्रामसेवक, समाजशिक्षण संघटक अशी नवी पदे निर्माण झाली आणि त्यांवर तरुणांची भरती होऊ लागली. या तरुणांना खत, बियाणे, विहिरी यांची माहिती थोडीफार दिली जात असे. पण चाळिशीच्या शेतकऱ्याला ‘क’ कसा शिकवायचा, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. लिटरसी हाउसने नेमके हेच काम हाती घेतले. स्वतः वर्ग चालवून साक्षरांची संख्या वाढवण्यापेक्षा वर्ग चालवणारा माणूस घडवायचा, हे धोरण ठरले.

प्रौढांना शिकवणे म्हणजे मोठ्या वयाच्या मुलांना शिकवणे, अशी समजूत तेव्हाही होती आणि आजही पुरती गेलेली नाही. प्रौढ विद्यार्थी दिवसभर राबून आलेला असतो. त्याचे डोळे थकलेले असतात, कधी नजरही अधू झालेली असते. पेन्सिल धरताना नांगर धरलेल्या बोटांना घाम फुटतो. शिकवणारा बहुधा त्याच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान असतो, कधी त्याच्याच भावकीतला पोरगा असतो, आणि त्याच्यासमोर चुकणे ही चार लोकांत मान जाण्यासारखी गोष्ट वाटते. मूल शाळेत येते कारण त्याला पाठवले जाते. प्रौढ मात्र स्वतःहून येतो, आणि दुसऱ्या दिवशी आला नाही तर त्याला जाब विचारणारे कोणी नसते. पेरणी, कापणी, लग्नसराई या प्रत्येक वेळी वर्ग ओस पडतो. हा वर्ग पुन्हा भरवण्याचे कसब शिक्षकाला हवे असते.

भाषेची अडचण वेगळीच. अवध आणि पूर्वेकडच्या खेड्यांतील माणूस बोलतो अवधी किंवा भोजपुरी, आणि पुस्तक असते प्रमाण हिंदीत. जे शब्द त्याने कधी उच्चारलेच नाहीत, त्यांतून त्याला अक्षरे ओळखावी लागतात. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे कोणत्या क्रमाने द्यायची हा तर शास्त्राचाच विषय आहे. मुळाक्षरांची सारी माळ पाठ करून घेतली तर पहिला अर्थपूर्ण शब्द वाचायला महिने लागतात आणि तोवर निम्मे विद्यार्थी निघून जातात. फ्रँक लॉबॅक यांनी फिलिपिन्समध्ये १९३० पासून चित्र आणि अक्षर यांची सांगड घालून शिकवण्याची पद्धत बसवली होती आणि १९३५ पासून ते भारतातही येत होते. एका साक्षराने दुसऱ्याला शिकवावे, या त्यांच्या कल्पनेचा येथील साक्षरताकार्यावर मोठा प्रभाव होता. फिशरबाईंनी त्या मार्गाचा लाभ घेतला, पण केवळ तक्ते वाटून शिक्षक तयार होत नाही हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून लिटरसी हाउसच्या प्रशिक्षणात तक्ते आणि फळा यांच्या जोडीला गाणे, नाट्य आणि कठपुतळी यांना मानाचे स्थान मिळाले. ऑपेरा गायिका व्हायचे स्वप्न बाजूला ठेवलेल्या या बाईंना रंगभूमीचे सामर्थ्य उमगलेले होते, असे म्हणता येईल. कठपुतळीचा एक मोठा गुण असा की, तिच्या तोंडून गावातल्या सावकाराची, आळशी पुढाऱ्याची, अंगठा उठवून जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली तर कोणाचा थेट अपमान होत नाही. लोक हसतात, आणि हसणारा माणूस वर्गात येऊन बसायला तयार होतो. प्रशिक्षणासाठी येणारे तरुण फारसे शिकलेले नसत. त्यांना शिक्षणशास्त्राची व्याख्याने देऊन उपयोग नव्हता. बाहुली हाताळणे, चित्र काढणे, तक्ता बनवणे, चर्चा चालवणे अशा हातच्या गोष्टी त्यांना करायला लावल्या जात.

अलाहाबादची जागा लवकरच अपुरी पडू लागली. १९५६ मध्ये संस्था लखनौस, कानपूर रस्त्यावर, स्वतःच्या आवारात गेली. या आवाराच्या रचनेची एक हकीकत आहे. लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुविशारद तेव्हा कुमाऊँच्या डोंगरात, पिठोरागढला, डॉक्टर पत्नीसमवेत रुग्णालय चालवत होते. स्थानिक दगड-मातीतून स्वस्त आणि नीटस घरे बांधण्याचे त्यांचे प्रयोग तेथेच चालले होते. वयाचा आणि प्रकृतीचा विचार न करता फिशरबाई त्या दुर्गम जागी जाऊन पोहोचल्या आणि साक्षरता ग्रामाचे आराखडे मिळाल्याशिवाय हलायचे नाही असा हट्ट धरून बसल्या. केरळमधील ज्या घरांमुळे बेकर पुढे देशभर नावाजले गेले, त्यांच्या कितीतरी आधीचे हे काम. खेड्यातून आलेल्या प्रशिक्षणार्थ्याला सरकारी कचेरीत आल्यासारखे वाटू नये, आपल्याच गावाच्या नीटनेटक्या रूपात राहिल्यासारखे वाटावे, ही त्यामागची दृष्टी होती. आवारात सर्व धर्मांच्या लोकांसाठी एक प्रार्थनागृह बांधले गेले. मिशनरी संस्थांच्या हेतूंविषयी त्या दशकात बराच संशय व्यक्त होत असताना संस्थापिकेने आपली संस्था कोणत्याही पंथाच्या प्रसारापासून दूर ठेवली, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

शिक्षक गावी परतल्यानंतर काय होते, हा प्रश्न बहुतेक साक्षरता मोहिमा विचारीतच नाहीत. फिशरबाईंच्या कार्याचा सर्वांत मोलाचा भाग येथेच सापडतो. चार-सहा महिन्यांत अक्षरे जुळवू लागलेल्या माणसाला त्यापुढे वाचायला काही मिळाले नाही, तर वर्ष-दोन वर्षांत तो होता तेथे परत जातो. शाळेची क्रमिक पुस्तके त्याच्या उपयोगाची नाहीत, कारण त्यांतील पोपट आणि बाहुल्या त्याच्या वयाला शोभत नाहीत. वृत्तपत्र त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून लिटरसी हाउसने नवसाक्षरांसाठी स्वतः पुस्तिका तयार करून छापण्यास आरंभ केला. मोठा टाइप, छोटी वाक्ये, मोजके शब्द, आणि विषय मात्र मोठ्या माणसांचे, म्हणजे शेती, आरोग्य, कर्ज, पंचायत, कुटुंब. असे लिहिणे सोपे नसते. नामवंत साहित्यिकालाही ते चटकन साधत नाही. तेव्हा अशा लेखकांसाठीही प्रशिक्षण सुरू झाले. ही पुस्तके पत्र्याच्या ट्रंकांत भरून गावोगाव पाठवली जात. एका गावाची ट्रंक वाचून झाली की ती पुढच्या गावी जाई. कपाट नको, इमारत नको, उंदीर-वाळवीचे भय नको. शिक्षकाला त्या ट्रंकेमुळे पाठीशी कोणी उभे असल्याची खूण मिळत असे. एरवी तो एकटाच पडलेला असतो.

स्त्रियांपर्यंत पोहोचणे हे सर्वांत कठीण काम होते. रात्रीचा वर्ग पुरुषांना सोयीचा. स्त्रियांना मोकळीक मिळाली तर ती दुपारी घटकाभर, आणि पुरुष शिक्षकासमोर बसायला त्या येत नसत. स्त्री शिक्षिका मिळवायची तर तिच्या घरच्यांची संमती आणि तिच्या ये-जा करण्याची व्यवस्था आधी लावावी लागे. पण आई शिकली की घरातले मूल शाळेत टिकते, हे कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला ठाऊक असलेले सत्य आहे. पाटीवर स्वतःचे नाव लिहिलेली आई संध्याकाळी मुलाच्या पाटीकडे निराळ्या नजरेने पाहते. साठच्या दशकाच्या अखेरीपासून साक्षरता आणि कुटुंबजीवनाचे शिक्षण यांची सांगड घालण्याचे प्रयोग वर्ल्ड एज्युकेशनच्या साहाय्याने लखनौत झाले. त्यांतून बाळंतपण, मुलांचे पोषण, कुटुंबनियोजन हे विषय थेट वाचनपाठांत आले. त्याच सुमारास, १९६७-६८ मध्ये, संकरित बियाण्यांच्या प्रसाराबरोबर केंद्र सरकारने शेतकऱ्यांसाठी कार्यात्मक साक्षरतेची योजना सुरू केली आणि तिच्या पाठ्यसाहित्याच्या कामात साक्षरता निकेतनचा अनुभव उपयोगी पडला. तरुण शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी संस्थेने स्वतंत्र विभागही काढला होता.

महाराष्ट्रात याच काळात वेगळा प्रयोग चालू होता. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि ती पुढे राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षक, विद्यार्थी, गावकरी यांच्या उत्साहावर ती उभी होती. सारे गाव साक्षर झाल्याचा समारंभ होई आणि ग्रामगौरव साजरा होई. अल्प काळात फार मोठ्या संख्येपर्यंत पोहोचणे त्या मोहिमेला साधले. लखनौच्या संस्थेला ते कधीच साधले नाही. मात्र समारंभ संपल्यावर नवसाक्षराच्या हाती काय राहते, या प्रश्नाने सातारा पद्धतीला अखेरपर्यंत सोडले नाही. दोहोंपैकी एकीने संख्या जिंकली, तर दुसरीने कसब जपले. एकाच देशात एकाच दशकात हे दोन्ही मार्ग चालत असताना त्यांची सांगड का पडली नाही, हे प्रशासनाच्या इतिहासकाराने शोधण्याजोगे आहे.

लिटरसी हाउसच्या मर्यादा लपवण्याचे कारण नाही. एवढ्या वर्षांच्या परिश्रमानंतरही उत्तर प्रदेश साक्षरतेत मागेच राहिला. संस्थेच्या आर्थिक आधाराचा मोठा भाग परदेशातून येत असे. तिला पाठबळ देण्यासाठी १९५५ मध्ये कॅनडातही एक संस्था स्थापन झाली. ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या फिशरबाई वर्षातील कित्येक महिने अमेरिका आणि कॅनडात सभा घेत, देणग्या मागत फिरत. एका वृद्ध स्त्रीच्या व्यक्तिमत्त्वावर इतका भार टाकणे हे संस्थेच्या दृष्टीने धोक्याचेच होते. संस्थेचा कारभार भारतीय मंडळाकडे सोपवण्याची व्यवस्था त्यांनी केली, ती बहुधा याच जाणिवेतून.

१९६४ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या पंच्याऐंशी वर्षांच्या होत होत्या. पुरस्काराने नाव जगभर झाले, पण त्यांच्या दृष्टीने खरी कसोटी निराळीच होती. प्रशिक्षण घेऊन गेलेल्यांपैकी किती जण तिसऱ्या वर्षीही वर्ग चालवतात, हे पाहिल्याशिवाय अशा संस्थेच्या यशाचा हिशेब पुरा होत नाही.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा प्रत्येक राज्यात प्रशिक्षण आणि पाठ्यसाहित्य यांसाठी साधन केंद्रे असावीत हे तत्त्व मान्य झाले. उत्तर प्रदेशात ती जबाबदारी साक्षरता निकेतनकडे आली. पंचवीस वर्षांपूर्वी एका खासगी संस्थेने स्वीकारलेला विचार आता सरकारी रचनेचा भाग झाला होता. पण त्या कार्यक्रमात केंद्र चालवणाऱ्या निदेशकाला महिना पन्नास रुपये मानधन मिळे, आणि तेही वेळेवर मिळत नसल्याची तक्रार ठिकठिकाणी असे. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. ४ फेब्रुवारी १९९० रोजी केरळमधील एर्नाकुलम हा देशातील पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतरच्या मोहिमा बिनपगारी स्वयंसेवकांवर चालल्या आणि त्यांचे प्रशिक्षण काही दिवसांवर आले. २०२२ पासून चालू असलेला नवभारत साक्षरता कार्यक्रमही स्वयंसेवकांच्याच बळावर उभा आहे. हाताशी मोबाइल आला आहे, दृक्‌श्राव्य पाठ आले आहेत. दिवसभर राबून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यानंतर परत बोलावून आणण्याचे काम मात्र त्या स्वयंसेवकालाच करावे लागते.

आयुष्याची अखेरची वर्षे फिशरबाईंनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, साउथबरी येथे काढली. १९८० च्या मार्चमध्ये भारतीय डाक विभागाने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले. त्यावर लखनौच्या साक्षरता निकेतनचाही उल्लेख होता. जिवंतपणी भारतीय टपाल तिकिटावर येण्याचा मान फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे. त्याच वर्षी १६ डिसेंबरला, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कानपूर रस्त्यावरील आवारात लॉरी बेकर यांनी रचलेल्या विटांच्या इमारती त्यांच्या मागे उभ्या राहिल्या.